गाठीच्या दारापर्यंत पोचलेल्या पेशी

आत्याच्या गालातून काढलेला तुकडा तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा होता. फॉर्मॅलिनच्या बाटलीतून तो आमच्या लॅबमध्ये आला, मेणाच्या ठोकळ्यात बसला, त्याचे केसाहून किती तरी पातळ काप निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रंगवलेली स्लाइड टेबलावर आली. घरच्या माणसाच्या रिपोर्टवर आपण सही करायची नाही, हा माझा नियम आहे. सही सहकाऱ्यानं केली. स्लाइड मात्र मी पाहिली, आणि बराच वेळ पाहत राहिले.

आमच्या रंगांत पेशीचं केंद्रक निळं-जांभळं दिसतं आणि बाकीचा भाग गुलाबी. कॅन्सरच्या पेशी घोळक्यानं बसलेल्या होत्या, वेड्यावाकड्या, कुणाचं केंद्रक दुप्पट तर कुणाचं चौपट. मध्येमध्ये कांद्याच्या पापुद्र्यांसारखी गुलाबी वर्तुळं. गालाच्या कॅन्सरमध्ये ती हमखास दिसतात. माझी नजर मात्र घोळक्यांच्या कडेला गेली. तिथे मोहरी सांडल्यासारखे बारीक, गोल, गडद ठिपके होते, शेकड्यांनी. लिम्फोसाइट, म्हणजे आपल्या शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी. त्यातल्या काही घोळक्यांच्या आत शिरलेल्या होत्या. बऱ्याचशा बाहेरच अडकल्या होत्या.

आत्या एकाहत्तर वर्षांची. कसबा पेठेतल्या घरात चाळीस वर्षं रोज सकाळी मिश्री लावत आली. रिपोर्ट आल्यावर संध्याकाळी मी तिच्याकडे गेले तेव्हा तिनं विचारलं ते एवढंच, "माझी प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून झालं ना गं हे?" ओट्यावर चार डबे होते. कुणीतरी तिला सांगितलं होतं, प्रतिकारशक्ती वाढली की गाठ आपोआप विरघळते, आणि त्या पावडरीचे काही हजार रुपये घेतले होते. पैशांचं वाईट वाटलंच. त्याहून वाईट वाटलं ते याचं की स्वतःच्या शरीरानं आपल्याला दगा दिला, आपणच त्याची नीट काळजी घेतली नाही, असं ती धरून बसली होती.

मी म्हटलं, "आत्या, तुझ्या पेशी आल्या होत्या. मी डोळ्यांनी बघून आले."

"मग केलं काय त्यांनी?"

त्या संध्याकाळी तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे, कारण आत्याचा प्रश्न मला बहुतेक प्रत्येक पेशंटच्या घरून ऐकू येतो.

प्रतिकारशक्ती म्हणजे गॅसच्या शेगडीची ज्योत नव्हे, कमी आहे म्हणून वाढवली असं तिचं होत नाही. ते ओळखीचं काम आहे. जंतू परका असतो, त्याच्या अंगावरची प्रथिनं आपल्यात नसतातच, त्यामुळे तो ओळखणं त्या मानानं सोपं. कॅन्सरची पेशी आपलीच. आत्याच्याच गालाची, तिच्याच आईबापांकडून आलेल्या डीएनएची, फक्त त्या डीएनएमध्ये ठिकठिकाणी अक्षरं बदललेली. आपल्याच माणसांतून बिघडलेला माणूस हुडकायचा, आणि तोही बाकीच्यांना धक्का न लावता. सगळी अडचण इथे आहे.

आता हे हुडकणं कसं होतं ते पाहू.

आमच्या सोसायटीत रोज सकाळी कचरा न्यायला 'स्वच्छ'च्या एक ताई येतात. त्यांना घराघरातलं जेवढं कळतं तेवढं सोसायटीच्या सेक्रेटरींनाही कळत नाही. घरात पाऊल टाकायची गरजच नाही, दाराबाहेरची बादली बोलते. मागे एकदा त्या मला म्हणाल्या, "चार नंबरच्या आजी दवाखान्यातून घरी आल्या वाटतं." सुक्या कचऱ्यात सलाइनची नळी आणि औषधांच्या रिकाम्या पट्ट्या होत्या. आजी आदल्या रात्री उशिरा आल्या होत्या. आम्हा शेजाऱ्यांना पत्ताही नव्हता.

आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी अशीच बादली बाहेर ठेवते. पेशीत प्रथिनं सतत बनत असतात आणि जुनी झालेली, वाकडी घडलेली प्रथिनं मोडीत निघत असतात. ती मोडायला पेशीत पिंपाच्या आकाराचं एक यंत्र असतं, प्रोटिअझोम. त्यातून निघालेल्या चुऱ्यातले काही तुकडे, साधारण आठ ते दहा अमिनो आम्लं लांबीचे, पेशी फेकून देत नाही. एका वाटीसारख्या रेणूत तो तुकडा बसवते आणि ती वाटी पृष्ठभागावर आणून ठेवते. या वाट्यांना माणसात एचएलए म्हणतात. किडनी बसवायच्या आधी देणाऱ्याशी जुळवून बघतात ते हेच. एका पेशीवर अशा हजारो वाट्या असतात आणि प्रत्येकीत आतल्या कुठल्या तरी प्रथिनाचा तुकडा. आत काय शिजतंय ते बाहेर कळावं, म्हणून.

हा कचरा वाचणाऱ्या पेशी म्हणजे टी पेशी. स्लाइडवरच्या त्या मोहरीच्या दाण्यांत बहुतेक त्याच होत्या. त्या वाटी आणि तुकडा दोन्ही मिळून वाचतात, हे कळलं १९७४ साली, ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा शहरात. रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी उंदरांमध्ये विषाणूचा अभ्यास करत होते. त्यांना दिसलं की एका उंदराच्या टी पेशी विषाणू शिरलेली पेशी मारतात, पण त्या पेशीवरच्या वाट्या त्यांच्या ओळखीच्या जातीच्या असतील तरच. दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशीत तोच विषाणू असला तरी त्या ढुंकून पाहत नाहीत. १९९६ साली दोघांना नोबेल मिळालं.

निरोगी पेशीच्या वाटीत नेहमीचे तुकडे असतात, टी पेशी पुढे जाते. विषाणू शिरला की वाट्यांत विषाणूचे तुकडे येतात. आणि कॅन्सरमध्ये, डीएनएतली अक्षरं बदलल्यामुळे काही प्रथिनं बदललेली असतात, म्हणून त्यांचे तुकडेही कधीकधी वेगळे निघतात. तंबाखूनं झालेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये, किंवा उन्हामुळे गोऱ्या कातडीवर होणाऱ्या मेलॅनोमामध्ये, असे बदल पुष्कळ असतात. दुसऱ्या काही कॅन्सरमध्ये फारच थोडे. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, त्यामुळे तिथे सरळ विषाणूचेच तुकडे बादलीत असतात.

मग टी पेशीला कळतं कसं, की हा तुकडा नेहमीचा आणि हा वेगळा? तिला कुणी यादी दिलेली नसते. यासाठी थायमस नावाची एक छोटी ग्रंथी आहे, छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या जरा वर. लहानपणी ती मोठी असते, मग वर्षागणिक आक्रसत जाते आणि तिच्या जागी चरबी येते. १९६१ सालापर्यंत तिचा काही उपयोगच नाही असं समजत. जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली, तेव्हा ती पिल्लं साध्यासाध्या संसर्गांनी आजारी पडून मरू लागली आणि खरं काम उघड झालं.

टी पेशी थायमसमध्ये घडते तेव्हा ती आपल्या जनुकांचे तुकडे पिसून, कसेही जोडून वाचायचा स्वतःचा एक हात तयार करते. प्रत्येकीचा हात वेगळा. मग तिची परीक्षा होते, तीही दोनदा. आपल्या वाट्यांवर हात टेकताच येत नसेल, तर ती बिनकामाची, मरते. आणि आपल्याच नेहमीच्या तुकड्यांना घट्ट चिकटत असेल, तर ती धोक्याची, तीही मरते. शंभरातल्या पंच्याण्णवाहून जास्त पेशी थायमसच्या बाहेर जिवंत पडतच नाहीत. एवढी कडक चाळण, म्हणून तर आपलं शरीर स्वतःवर उठत नाही.

आत्याला हे सांगताना मी जरा थांबले, कारण तिच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. आपल्या तुकड्यांना चिकटणाऱ्या पेशी शरीरानं स्वतःच काढून टाकल्या. कॅन्सरची पेशी तर बरीचशी आपल्यासारखीच. मग तिला वाचू शकणाऱ्या टी पेशी उरणार किती? लाखात एखादी. हे मी बोलण्याच्या ओघात म्हणत नाहीये, एखादा ठरावीक तुकडा ओळखणाऱ्या नव्या टी पेशींचं प्रमाण खरोखरच साधारण लाखात एक किंवा त्याहूनही कमी असतं. प्रतिकारशक्ती भरपूर असलेल्या माणसातही.

ही लाखातली एक पेशी आणि गालातली गाठ यांची भेट घडवायची कुणी? त्यासाठी डेंड्रायटिक नावाच्या पेशी असतात, झाडाला फांद्या फुटाव्यात तशी अंगाला लांब टोकं असलेल्या. रॅल्फ स्टाइनमन यांनी न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली त्या प्रथम वर्णिल्या तेव्हा कित्येक जाणकारांना त्या वेगळ्या पेशी आहेत हे पटलंही नव्हतं. या पेशी कातडीत, तोंडात, आतड्यात ठाण मांडून असतात. आसपास पेशी मेल्या की त्यांचा चुरा उचलतात आणि लसीकावाहिन्यांतून जवळच्या लसीकाग्रंथीत घेऊन जातात.

लसीकाग्रंथी हा शब्द परका वाटला तरी वस्तू घरची आहे. लहानपणी पायाला काटा लागून पिकला की जांघेत गाठ यायची आणि आजी म्हणायची, "अवधाण आलंय." ते अवधाण म्हणजे सुजलेली लसीकाग्रंथी. डेंड्रायटिक पेशी तिथे चुऱ्याचे तुकडे मांडून बसते, समोरून हजारो टी पेशी एकामागून एक जातात, प्रत्येक जण क्षणभर हात टेकवून बघते. जिचा हात जुळला ती थांबते.

पण नुसतं जुळणं पुरत नाही. डेंड्रायटिक पेशीनं 'काहीतरी बिघडलंय' अशी दुसरी खूणही द्यावी लागते, आणि ती खूण तिला जंतूंच्या अवशेषांमुळे किंवा पेशी वेड्यावाकड्या फुटून मेल्या तर मिळते. तुकडा जुळला पण खूण नाही, तर टी पेशी उलट सुस्तावते, पुढच्या वेळी तो तुकडा दिसला तरी हलत नाही. वाढणारी गाठ सुरुवातीला फार गडबड करत नाही, ताप नाही, सूज नाही. म्हणून पुष्कळदा ही दुसरी खूण द्यायचीच राहून जाते. दोन्ही खुणा मिळाल्या, तर ती एक टी पेशी दुभंगू लागते, एकीच्या दोन, दोनाच्या चार, आणि आठवड्याभरात तिच्या हजारो मुली तयार होतात, सगळ्यांचा हात तसाच. मग त्या रक्तातून गाठीकडे निघतात.

यापुढचं मी माझ्या स्लाइडवर कधीच पाहू शकत नाही, कारण माझ्याकडे येणाऱ्या पेशी मेलेल्या आणि गोठलेल्या असतात. जिवंत पेशी पाहायच्या तर त्या बशीत वाढवाव्या लागतात. आपल्या पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात हेच काम चालतं, तिथून देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशी पुरवल्या जातात. टी पेशीनं कॅन्सरची पेशी मारतानाची फिल्म मी शिकत असताना पहिल्यांदा पाहिली आणि ती अजून डोळ्यांपुढून जात नाही.

टी पेशी लहान, कॅन्सरची पेशी तिच्या कित्येक पट मोठी. टी पेशी सरपटत येते, अंगावरून फिरते, चाचपडते. मग थबकते. जिथे हात जुळला तिथे तिचं अंग चपटं होऊन समोरच्या पेशीला चिकटतं आणि कडेनं चिकट प्रथिनांचं गोल कडं तयार होतं, रबराच्या वॉशरसारखं, आतलं बाहेर गळू नये म्हणून. टी पेशीच्या पोटात विषाच्या बारीक पिशव्या असतात. त्या आता आतल्या आत सरकत सरकत अगदी त्या चिकटलेल्या जागी येऊन लागतात आणि कड्याच्या आत रिकाम्या होतात. त्यात दोन मुख्य जिनसा असतात. पर्फोरिन समोरच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं. ग्रॅन्झाइम त्यातून आत शिरतं आणि पेशीतच आधीपासून असलेली आत्मनाशाची यंत्रणा सुरू करतं.

ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटते. टी पेशी समोरचीला फोडत नाही, तिला मरायला लावते. कॅन्सरची पेशी आक्रसते, तिच्या पृष्ठभागावर उकळत्या पिठल्यासारखे फुगे येतात, डीएनएचे तुकडे होतात, आणि उरलेल्या पोटल्या आसपासच्या सफाई करणाऱ्या पेशी गिळून टाकतात. शेजारच्या चांगल्या पेशीला सहसा इजा होत नाही. आणि टी पेशी? ती हात सोडवून घेते आणि पुढच्या दाराकडे जाते.

आता समजा एखाद्या घरानं बादली बाहेर ठेवायचंच बंद केलं. टी पेशीला वाचायला काही उरलं नाही. कॅन्सरच्या पेशी खरंच असं करतात. वाट्या बनवणारी जनुकं बिघडलेल्या पेशी टी पेशींच्या नजरेतून सुटतात, म्हणून त्याच वाढत जातात. पण कचऱ्याच्या ताईंच्या हे लक्षात येतंच की अमुक दारात आठवडाभर बादली नाही. शरीरातही अशा पेशी आहेत, नॅचरल किलर म्हणजे एनके पेशी. स्वीडनमधले क्लास कारे आणि त्यांचे सहकारी यांनी १९८६ साली उंदरांमध्ये दाखवलं की ज्या गाठींच्या पेशींवर वाट्याच नाहीत त्यांना एनके पेशी संपवतात, आणि ज्यांच्यावर वाट्या आहेत त्यांना सोडून देतात. एनके पेशी तुकडा वाचत बसत नाही. वाटी दिसली की तिचा हात आवरला जातो, वाटी नसली की तो आवर सुटतो. शिवाय हाल चाललेल्या पेशी अंगावर काही वेगळी प्रथिनं काढतात, तीही एनके पेशीला चिथावतात. मारण्याची रीत तीच, पर्फोरिन आणि ग्रॅन्झाइम.

एवढा बंदोबस्त असून कॅन्सर होतोच, मग या पेशी एरवी काही करतात की नाही, अशी शंका येते. १९०९ साली पॉल एर्लिक यांनी म्हटलं होतं की शरीराचा असा पहारा नसता तर कॅन्सर फार मोठ्या प्रमाणात दिसले असते. पुरावा मिळायला बराच काळ गेला. त्यातली एक हकिगत अंगावर काटा आणणारी आहे. एका व्यक्तीचा मेलॅनोमा शस्त्रक्रियेनं काढला होता. त्यानंतर सोळा वर्षांनी त्या व्यक्तीच्या किडन्या दोघांना बसवण्यात आल्या, आणि त्या दोघांनाही देणाऱ्याचाच मेलॅनोमा झाला. २००३ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे देणाऱ्याच्या शरीरात कॅन्सरच्या पेशी इतकी वर्षं होत्या, पण त्याच्या रोगप्रतिकारक पेशींनी त्यांना डोकं वर काढू दिलं नव्हतं. किडनी घेणाऱ्यांना ती टिकावी म्हणून प्रतिकार दाबणारी औषधं दिलेली असतात. पहारा ढिला पडला, पेशी वाढल्या.

तर पहारा खरा आहे. पण पहाऱ्यातून जे सुटतात तेच मागे उरतात. आपण जी गाठ हाताला लागली म्हणून दवाखान्यात जातो, ती आधीच कित्येक वर्षं या चाळणीतून चाळून निघालेली असते, तिच्यात उरलेल्या पेशी लपण्यात तरबेज झालेल्या. आत्याच्या स्लाइडवर टी पेशी बाहेर अडकलेल्या दिसत होत्या, त्याची कारणं अनेक असू शकतात. गाठ आपल्याभोवती तंतूंचं दाट कुंपण घालून घेते. गाठीत आवर घालणाऱ्या टी पेशीही येऊन बसतात. त्यांचं खरं काम शरीराला स्वतःवर उठण्यापासून रोखण्याचं, आणि त्यांच्याच शोधाबद्दल २०२५ सालचं नोबेल शिमोन साकागुची, मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना मिळालं. गाठ या भल्या पेशींचा आडोसा घेते.

आणि सगळ्यात महत्त्वाचा, ब्रेक. टी पेशी लढताना इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडते. त्यामुळे आजूबाजूच्या पेशी पीडी-एल१ नावाचं प्रथिन अंगावर काढतात. टी पेशीवर पीडी-१ नावाचा खटका असतो. पीडी-एल१ त्या खटक्याला लागलं की टी पेशी थंडावते. ही सोय आपल्या भल्यासाठीच आहे, नाहीतर साध्या संसर्गातही टी पेशी लढत लढत आपलं फुप्फुस किंवा यकृत खराब करून ठेवतील. कॅन्सरची पेशी नेमकं हेच प्रथिन अंगभर काढून बसते. टी पेशी येते, हात जुळतो, आणि खटका दाबला जातो.

पीडी-१ हा रेणू जपानमध्ये क्योतो इथे तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली सापडला. दुसरा एक ब्रेक, सीटीएलए-४, झाकून टाकला तर उंदरांमधल्या गाठी नाहीशा होतात, हे अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी १९९६ साली दाखवलं. सगळे जण टी पेशींना ढोसायचे मार्ग शोधत होते तेव्हा या दोघांच्या कामातून ब्रेक काढायची वाट दिसली. ॲलिसन यांच्या शोधावरून घडलेलं औषध २०११ साली अमेरिकेत मंजूर झालं, २०१८ साली दोघांना नोबेल मिळालं. इम्युनोथेरपी म्हणून आज डॉक्टर जे सुचवतात ती बहुतेक वेळा हीच, ब्रेक झाकणारी औषधं.

ती सगळ्यांना लागू पडत नाहीत. ज्या गाठीत टी पेशी पोचल्याच नाहीत तिथे ब्रेक काढून काय होणार? ज्यांच्यात डीएनएचे बदल पुष्कळ आणि टी पेशी आलेल्या, तिथे यश जास्त. आणि ब्रेक निघतो तो सगळ्या शरीराचा. थायरॉइड, आतडी, फुप्फुस, कातडी यांच्यावर टी पेशी उठू शकतात. म्हणून हे उपचार चालू असताना जुलाब लागले किंवा दम लागू लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. वेळेवर स्टिरॉइड दिलं तर बहुतेक वेळा आटोक्यात येतं.

किमतीचं काय, हे मला प्रत्येक जण विचारतो आणि विचारायलाच हवं. ही औषधं बहुसंख्य घरांच्या आवाक्याबाहेर आहेत. म्हणूनच मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या एका अभ्यासाचं मला फार कौतुक आहे. डोक्या-मानेचा कॅन्सर पुढे गेलेल्या १५१ पेशंटपैकी निम्म्यांना नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला निव्होलुमॅब हे ब्रेक झाकणारं औषध दिलं, पण दर तीन आठवड्यांनी अवघं २० मिलिग्रॅम. एरवी दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम देतात. नुसत्या गोळ्यांवर असलेल्यांपैकी वर्षअखेर १६.३ टक्के हयात होते, औषध जोडलेल्यांपैकी ४३.४ टक्के. आपल्याकडच्या तंबाखूच्या कॅन्सरसाठी, आपल्या खिशाकडे बघून केलेलं काम आहे हे.

दुसरा मार्ग, टी पेशीला नवा हात बसवायचा. पेशंटच्याच टी पेशी काढून त्यात जनुक घालतात, मग त्या वाटी न बघता थेट पेशीच्या अंगावरचं एखादं प्रथिन ओळखतात. याला कार-टी म्हणतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी घडवलेल्या नेक्सकार१९ला २०२३च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे मंजुरी मिळाली. ते रक्ताच्या आणि लसीकाग्रंथींच्या काही कॅन्सरसाठी आहे, गालाच्या गाठीसाठी नाही. घट्ट गाठींत अशा पेशी शिरवणं अजून अवघडच आहे.

आणि एक उपचार तर पुण्यातल्यांना माहीत असायला हवा. मूत्राशयाचा वरवरचा कॅन्सर खरवडून काढल्यावर आत बीसीजीचे जिवंत, दुबळे केलेले जंतू सोडतात, दर आठवड्याला एकदा, सहा आठवडे. बाळाच्या दंडावर क्षयासाठी टोचतात तेच बीसीजी. आपल्या हडपसरच्या सिरममध्ये हे मूत्राशयासाठीचं बीसीजी बनतं. जंतू आल्यानं आत खळबळ उडते, ती दुसरी खूण मिळते, आणि आतापर्यंत गप्प असलेल्या पेशी कॅन्सरकडेही वळतात. आल्व्हारो मोरालेस यांनी कॅनडातून १९७६ साली हे मांडलं आणि आजही ते वापरात आहे.

यातल्या कुठल्याही टप्प्यावर आत्याच्या ओट्यावरच्या डब्यांना काम नाही. पावडर टी पेशीला नवा हात देत नाही, गाठीनं काढून ठेवलेल्या वाट्या परत आणत नाही, ब्रेकवरचा पाय उचलत नाही. खाणं, झोप, व्यायाम यांनी शरीर उपचार सोसतं, ते जरूर करावं. पण गाठ विरघळेल म्हणून बायोप्सी लांबवली तर ते आठवडे परत मिळत नाहीत. आत्याचे असे सात आठवडे गेले होते.

ऑपरेशन झालं. गालातून काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ निघाल्या, म्हणजे कडेला कॅन्सर नव्हता. मानेतली एक ग्रंथी बोराएवढी सुजली होती आणि सर्जनसकट आम्हा सगळ्यांना वाटत होतं की कॅन्सर तिथे पोचला. मानेतून एकतीस ग्रंथी निघाल्या, सगळ्या तपासल्या गेल्या, एकीतही कॅन्सर नव्हता. बोराएवढीत फक्त लिम्फोसाइट होत्या, भरगच्च, कित्येक ऐन दुभंगताना पकडलेल्या. त्यातल्या किती गाठीसाठी वाढत होत्या आणि किती तोंडातल्या जखमेतल्या जंतूंसाठी, हे स्लाइड सांगत नाही.

मी मोबाइलवर फोटो काढून नेला. आत्याला टाक्यांमुळे नीट बोलता येत नव्हतं. तिनं फोटो दोन बोटांनी मोठा केला, एका दुभंगणाऱ्या पेशीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"अवधाण," मी म्हटलं. "तुझंच."